लग्नघरातला बंद कॉम्प्युटर

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघांनी माझ्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं कापड उचलून पाहिलंत आणि विचारलंत, आजी, हा चालत नाही तर ठेवलाय कशाला. चालतो, असं मी म्हटलं, पण तुम्हाला पटलं नाही. तो खरंच चालतो. एकदा मात्र साफ बंद पडला होता, तुमच्या आईच्या लग्नाच्या दहा दिवस आधी, आणि तो मी स्वतः उघडून दुरुस्त केला. त्या दुरुस्तीबद्दल आमच्या घरात पुन्हा कोणी बोललं नाही. म्हणून लिहून ठेवते आहे. तुमच्या आईला हे आधी वाचायला दिलं होतं. तिने एका ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, बाकी काही खोडलं नाही.

हा कॉम्प्युटर मुळात माझ्या भावाचा. तो रेल्वेत इंजिनियर होता, हैदराबादला स्थायिक झाला. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःला नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना मला दिला. दिला म्हणजे स्वतः घेऊन आला. पडद्याचं धूड एका गोधडीत आणि खालची पेटी, जिला सगळे सीपीयू म्हणत, दुसऱ्या गोधडीत. परतूर स्टेशनावर तो गाडीतून उतरला तेव्हा हमालाने विचारलं, "साहेब, आत लेकरू हाय का?" भाऊ म्हणाला, "लेकरूच आहे, हळू धर."

मी तेव्हा इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवून नुकतीच मोकळी झाले होते. तुमचे आजोबा त्याच शाळेचे मुख्याध्यापक होते. गावात मी 'बाई' आणि ते 'सर'. भावाने चार दिवस राहून मला चालू-बंद करण्यापासून टपाल पाठवण्यापर्यंत सगळं शिकवलं. मी वहीत उतरवून घेतलं, एकेक पायरी. मशीनबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका फाइलला लावून ठेवली. तो हसला. "तू हे वाचणारी भारतातली पहिली बाई," म्हणाला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्याला घशाचा आजार निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला. फोनवर आता त्याच्याशी बोलता येत नसे. फोन वहिनी घ्यायची आणि त्याच्या वतीने चार शब्द सांगायची. त्याचं स्वतःचं बोलणं माझ्यापर्यंत यायला एकच वाट उरली, ती या कॉम्प्युटरातून. तो मराठीच लिहायचा, पण इंग्रजी अक्षरांत, कारण आमच्या मशीनमध्ये दुसरी अक्षरं नव्हती. रोज एक पत्र. मी आधी सगळं टंकून ठेवायची आणि मग फोनच्या तारेने जालन्याचा नंबर लावून पाठवायची. लाइन लागली की त्याची टपाल उतरायची. एकदा त्याने लिहिलं, "आवाज होता तेव्हा तू मधेच तोडायचीस. आता माझं वाक्य पूर्ण होतं. ऑपरेशनचा हा एक फायदा डॉक्टरने सांगितला नव्हता."

हे एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

तुमच्या आईचं लग्न ठरलं ते उन्हाळ्यात. रविवारी लग्न, शनिवारी संध्याकाळी देवक. देवक म्हणजे लग्नाआधी घरात देव आणि पूर्वज बसवायचे. आईबापांनी जोडीने पूजा करायची. एकदा देवक बसलं की त्या घराला लग्न पार पडेपर्यंत सुतक लागत नाही, असा आपल्याकडचा नेम. त्याआधी कोणी गेल्याचं कानावर आलं तर मात्र लागतं. लग्नाच्या याद्या माझ्याकडे होत्या. किराण्याची, पाहुण्यांची, आहेराची, कोण कुठल्या खोलीत झोपणार त्याची. तुमचे आजोबा शाळेत जसे वेळापत्रक माझ्याकडून तपासून घ्यायचे तसे या याद्यांवर नजर टाकून सही केल्यासारखी मान हलवायचे.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यातल्या गुरुवारी मी जावेला घेऊन कुंभार पिंपळगावला पत्रिका द्यायला गेले. तिकडे आमच्या भाऊबंदांची आठ घरं. प्रत्येक घरी बसा, चहा घ्या, हळदीकुंकू घ्या. परत यायला दिवस मावळला. दारातच तुमच्या आजोबांनी मला पाण्याचा तांब्या दिला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला दारात पाणी दिल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, "आज काय?" ते म्हणाले, "दमली असशील." वीज गेलेली होती, म्हणून कॉम्प्युटर लावला नाही.

शुक्रवारी सकाळी वीज आली. बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरू लागला, पण पडदा काळाच. आणि आतून एक लांब शिट्टी, थांबली, पुन्हा लांब शिट्टी. बंद करून पुन्हा लावला, तेच. वहीत लिहून ठेवलं: दिवा आहे, पंखा आहे, शिट्टी लांब, थांबून थांबून, पडदा काळा.

आमच्या गावात तेव्हा कॉम्प्युटरचं कळणारा एकच माणूस होता. स्टेशन रोडला त्याचा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास. आमच्याच शाळेत शिकलेला, आता दोन मुलांचा बाप. आदल्या पावसाळ्यात मशीन अडलं तेव्हा त्यानेच मला शिकवलं होतं, की आत एक रॅमची पट्टी असते, तिच्या सोनेरी दातांना दमटपणा लागला की मशीन रुसतं. ती काढून खोडरबराने घासायची आणि परत बसवायची. त्याला निरोप धाडला. तो शनिवारी आला.

"काय झालं, बाई?"

"शिट्ट्या मारतोय. पडद्यावर काही नाही."

त्याने पेटीचं झाकण काढलं आणि बॅटरी लावून आत वाकला, माझ्याकडे पाठ करून. बराच वेळ वाकून होता. मग म्हणाला, "मदरबोर्ड गेला बघा."

"बुधवारी तर चालू होता."

"मशीनचं काय, बाई. मानूस तरी सांगून जातंय का?"

"मग आता?"

"औरंगाबादहून आणावा लागंल. जुनं मॉडेल हाय, मिळंल का न्हाई सांगता येत न्हाई. लग्न होऊन जाऊ द्या, मंग बघू. आत्ता कशाला जीवाला घोर."

"निदान तुझ्या क्लासमधून माझी टपाल बघता येईल का? भावाचं पत्र असेल."

"क्लासची लाइनच बंद हाय. रस्त्याच्या कामात केबल तोडली त्यांनी." हे सांगताना तो झाकणाचे स्क्रू लावत होता. त्यातला एक लागेना. मी त्याला चहा दिला, तो न पिता गेला. मी त्याबद्दल त्याच्यावरच रागावले, की कामाचा माणूस, दोन घोट घ्यायलाही वेळ नाही.

भावाचा आजार पुन्हा उलटला होता, म्हणून त्या संध्याकाळी मी हैदराबादला फोन लावला. वहिनीने उचलला.

"कसा आहे गं?"

"तसेच आहेत."

"झोपलाय का?"

"झोपतात काय नि उठतात काय, वन्सं. तुमचं चालू द्या. लग्नघर आहे."

"त्याला सांग, माझा कॉम्प्युटर बिघडलाय. म्हणून पत्र नाही."

"बराबर," म्हणाली. "सांगते."

तिचा आवाज कोरडा होता. मला वाटलं, आजाऱ्याचं करून करून थकली. मी म्हटलं, लग्न झालं की दुसऱ्या दिवशी निघते. ती म्हणाली, "या की." आणि ठेवला.

रविवार, सोमवार, मंगळवार कसे गेले ते याद्या काढून बघितल्या तरच सांगता येईल. तुमची आई पुण्याहून रजा घेऊन मंगळवारी आली. तिने आल्या आल्या विचारलं, "मामाचं काय म्हणणं?" मामाने मुलीला बोहल्यावर आणायचं असतं, त्याला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून चुलत मामाला सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, "सहा दिवसांत त्याचं पत्रच बघितलं नाही." तुमचे आजोबा तिथेच अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "बरा असेल. बातमी नाही म्हणजे चांगलीच बातमी." हे वाक्य ते इंग्रजीतून म्हणायचे नेहमी. त्या दिवशी मराठीत म्हणाले.

बुधवारी दुपारी घर रिकामं झालं. तुमची आई चुलत बहिणींबरोबर शिंप्याकडे गेली, आजोबा मंगल कार्यालय बघायला, जाऊ झोपली. वीज होती. मी सहज फाइल उघडली आणि ती पुस्तिका वाचायला घेतली. शिट्ट्यांचं त्यात एक कोष्टक होतं. लांब शिट्टी, थांबून पुन्हा लांब: मेमरी बसलेली नाही. मी वहीशी ताडून पाहिलं. मग मनात आलं, मदरबोर्ड मेला असता तर ही शिट्टी वाजवली कोणी? मेलेला माणूस कण्हत नाही. पोराचं निदान चुकलं, असं मला वाटलं. शिकवलेल्या मुलाची चूक सापडल्यावर मास्तरणीला जे बरं वाटतं तेही वाटलं, खोटं कशाला बोलू. दमट हवा नव्हती, पण धूळ असेल. मी देवघराच्या फडताळातून खोडरबर आणला, मुख्य वीज बंद केली, स्क्रू काढले. एक स्क्रू अर्धवटच लागलेला होता.

आत सगळीकडे धुळीचा बारीक थर. रॅमची पट्टी जिथे उभी असते ती खाच मला ठाऊक होती, दोन्ही टोकांना पांढऱ्या चिमट्या असलेली. खाच रिकामी होती. चिमट्या बाहेर पाडलेल्या. खाचेच्या कडेला धुळीत एक स्वच्छ सरळ रेघ, पट्टी होती तेवढीच लांब.

खोडरबर हातातच राहिला. पट्टी आपोआप पडत नाही. मी पेटीच्या तळाशीही चाचपून पाहिलं. ज्याने शनिवारी बॅटरी लावून आत बघितलं त्याला ही रिकामी खाच दिसली नाही असं होणार नव्हतं. चोरी, हा एकच शब्द मला सुचला. मी चपला घातल्या आणि दुपारच्या उन्हात स्टेशन रोडपर्यंत चालत गेले. वाटेत किराणा दुकानातल्या मारवाडी काकूंनी हाक मारली, "बाई, छत्री तरी घ्यायची." मी थांबले नाही.

क्लासमध्ये चार मुली एका पडद्यापुढे वाकल्या होत्या. परीक्षेचा निकाल बघत होत्या. म्हणजे लाइन चालू होती. तो मला बघून उठला.

"रॅम कुठाय माझी?"

"बाई, बसा ना. पानी—"

"रॅम कुठाय?"

त्याने मुलींकडे पाहिलं. "बाहेर बोलू, बाई."

"इथंच बोल. तू माझ्या घरातून ती चोरलीस?"

"म्या चोर न्हाई हो, बाई." त्याच्या कपाळावर घाम आला. "तुमच्या हाताखाली शिकलो म्या. तुमची वस्तू नेऊन काय करू?"

"मग?"

"सरांनी काढायला लावली. गुरुवारी. तुम्ही पिंपळगावला गेल्ता तवा. म्या म्हणलं, सर, बाईंना कळलं तर? तर सर म्हणले, तिला त्यातलं काय कळतंय." हे बोलल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं. त्याने खण उघडला आणि एक पाकीट काढून दिलं. ते आमच्या लग्नाच्या पत्रिकेचं पाकीट होतं. वर माझ्याच अक्षरात त्याचं नाव आणि 'सहकुटुंब'. आत पट्टी.

"का काढायला लावली?"

"ते सरांनाच इचारा. म्या फकस्त एवढंच ऐकलं का देवक बसस्तोर तुमच्या कानावर काय जाऊ नये."

"काय जाऊ नये?"

त्याने खण लावून घेतला. म्हणाला, "बाई, म्या येतो संगं. बसवून देतो."

"नको," मी म्हटलं. "मला येतं."

पट्टी बसवायला फार काही लागत नाही. दातांवरून एकदा खोडरबर फिरवला, सवयीने. खाचेत सरळ धरली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली, चिमट्या टकटक करून आपोआप मिटल्या. वीज लावली. एक छोटी शिट्टी आली, ठीक आहे म्हणणारी. मग निळा पडदा येऊन यंत्राने स्वतःची तपासणी सुरू केली, कारण त्याला नीट बंद न करता उघडलं गेलं होतं. ती तपासणी टक्क्याटक्क्याने पुढे सरकत होती आणि मी पाकिटावरचं माझं अक्षर बघत बसले होते.

लाइन लागली. टपाल उतरली. सहा पत्रं. पाच भावाची आणि सर्वांत वर, शेवटी आलेलं, भाच्याचं, म्हणजे भावाच्या मुलाचं. विषयाच्या जागी एकच शब्द होता, Baba.

मी ते आधी उघडलं नाही. पत्रं आली त्या क्रमाने वाचली. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

गुरुवारी त्याने दोन लिहिली होती. पहिल्यात, डॉक्टर तोंड लांब करून गेले, तेव्हा तू ये. "लग्न सोडून ये असं म्हणत नाही. दोन दिवस ये. संध्याकाळच्या गाडीत बस, सकाळचा चहा इथे. तुझ्या घरी फोन करायला सांगितला आहे, पण तुझ्या नवऱ्यावर माझा भरवसा नाही, म्हणून लिहितो." तो नेहमी अशीच थट्टा करायचा. दुसऱ्यात फक्त गाडीची वेळ, जणू ती मला ठाऊक नव्हती.

शुक्रवारी: "गाडी वेळेवर होती, मी चौकशी केली. तेव्हा तो बहाणा चालणार नाही."

शनिवारी तुमच्या आईसाठीच्या साडीबद्दल. वहिनीने आणली आहे, हिरवी आहे, तुला आवडणार नाही, पण नेसणार ती आहे, तू नाहीस.

रविवारचं पत्र लहान होतं. ते मला पाठ आहे. "ही म्हणते तुला यायला जमत नाही असा निरोप आला. ठीक. पण दोन ओळी? तू लहानपणी रागावलीस की बोलायची नाहीस. रागावलीस का? कशाबद्दल ते कळव, म्हणजे मला माफी तरी मागता येईल."

भाच्याचं पत्र सोमवारचं होतं, इंग्रजीत. बाबा आज पहाटे गेले. तुमच्याकडे फोनवर कळवलं आहे. आत्या, तुम्हाला निघता येणार नाही हे समजलं, लग्न नीट होऊ द्या.

म्हणजे गुरुवारी भाऊ जिवंत होता आणि मला बोलावत होता. तो चार दिवस मला लिहीत होता. आणि त्याच्या पत्रांचं दार बंद करून त्याची किल्ली एका पाकिटात घालून ठेवली होती ती माझ्या नवऱ्याने.

मी मशीन नीट बंद केलं. मग न्हाणीत गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. मृत्यूची बातमी ऐकली की न्हायचं असतं. दुपारचे चार वाजले होते. त्या वेळी आमच्या घरात कोणी डोक्यावरून न्हात नसे.

तुमचे आजोबा परत आले तेव्हा मी ओल्या केसांनी पुढच्या खोलीत बसले होते. त्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे, आणि टोपी काढून खुंटीला लावली.

"कोणी सांगितलं?"

"त्याने. पाच पत्रं आहेत."

ते खुर्चीवर बसले. "मी तुझ्याच भल्यासाठी केलं असं म्हणणार नाही," ते म्हणाले. "सुतक लागलं असतं. मुलाकडची माणसं कशी आहेत तुला ठाऊक आहे. अपशकुन म्हणाले असते. लग्न पुढे ढकला म्हणाले असते."

"गुरुवारी कसलं सुतक? गुरुवारी तो जिवंत होता."

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आणि वहिनीला काय सांगितलंत? मला जमत नाही म्हणून?"

"काहीतरी सांगावं लागतं."

"त्याला वाटलं, मी रागावले."

"तू गेली असतीस तर परत आली असतीस का वेळेवर? त्याला तसं सोडून? मी ओळखतो तुला. आणि इथे कोण बघणार होतं? सगळं तुझ्याकडे आहे. मला तर पाहुण्यांची यादीही कुठे ठेवलीस ते ठाऊक नाही." हे त्यांनी जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हटलं. मग हळू म्हणाले, "मला भीती वाटली."

मुख्य कारण ते होतं. सुतक मागाहून सुचलेलं. आयुष्यभर मी सगळं जागच्या जागी ठेवलं आणि त्याच गुणापायी मला जागेवरून हलू दिलं नाही.

गुरुजींना बोलावलं, ते मीच बोलावलं. मी त्यांना विचारलं, लग्न झालेल्या बहिणीला भावाचं किती? ते म्हणाले, कोणी दीड दिवस मानतात, आपण तीन धरू. गेला तो सोमवार, मग मंगळवार, आजचा बुधवार. उद्या सकाळी न्हालात की संपलं. देवक तर शनिवारी आहे. तुमचे आजोबा खाली बघत होते. मी त्यांच्या देखत एका कागदावर मांडलं. गुरुवारी मी गाडीत बसले असते, शुक्रवारी सकाळी तिथे. शुक्रवार, शनिवार, रविवार त्याच्याजवळ. सोमवारचं सगळं उरकून मंगळवारी निघाले असते तर आज मी इथेच असते, याच खुर्चीवर, आणि एकही विधी चुकला नसता. तीस वर्षं शाळेची वेळापत्रकं केलेल्या माणसाला हे मांडता आलं असतं. त्यांनी मांडून बघितलंच नव्हतं.

तुमच्या आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. लपवायचं मला शक्य नव्हतं, आणि माझ्याशी जे केलं ते तिच्याशी करायची इच्छाही नव्हती. ती आधी रडली. मामा तिचा फार लाडका. मग डोळे पुसून म्हणाली, "आई, सांगायला चार दिवस थांबली असतीस तर? लग्न माझं आहे गं." ती चोवीस वर्षांची होती आणि हातावर मेंदी काढायची होती. तिच्यावर रागावू नका. पण त्या दिवशी मला तेही लागलं, तुमच्या आजोबांच्या गोष्टीपेक्षा थोडं जास्तच, कारण तिच्याकडून मी काही वेगळं धरून चालले होते.

गुरुवारी सकाळी मी न्हाले. दुपारी लाइन लावून भावाच्या पत्त्यावर उत्तर लिहायला बसले आणि लिहिलं नाही. वहिनीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वन्सं, मी त्यांना तुमच्या कॉम्प्युटरचं सांगितलंच नाही. मला वाटलं, बहाणा करताय." मी म्हटलं, तुझी चूक नाही. लग्न झाल्यावर मी तेराव्याला गेले, एकटी. हिरवी साडी तिने मला दिली, तुमच्या आईसाठी. मी ती आणली.

शनिवारी संध्याकाळी देवक होतं. याद्या माझ्याकडेच होत्या, म्हणून सगळं वेळेवर झालं. पाटावर आम्ही दोघं शेजारी बसलो, उपरणं आणि शालू गाठीने बांधलेले. जावेने माझ्याकडे दोनदा पाहिलं. अशा पूजेत बायकोने स्वतः फारसं काही करायचं नसतं. नवरा पाणी सोडतो, अक्षता वाहतो, आणि तिने आपला उजवा हात त्याच्या हाताला लावून ठेवायचा, म्हणजे त्याने केलेलं तिनेही केलं असं होतं. गुरुजी म्हणाले, "बाई, सरांच्या हाताला हात लावा."

मी बोट लावलं.

"बोट नव्हे. हात."

तुमच्या आजोबांच्या पळीतलं पाणी ताम्हनाबाहेर सांडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी हात लावला. पूजा जितका वेळ चालली तितका वेळ तो मी तिथे ठेवला, एकदाही उचलला नाही, कारण पूजा तुमच्या आईची होती. गुरुजींनी उठा म्हटल्यावर काढून घेतला. त्यानंतर ते बारा वर्षं जगले. त्यांचं जेवण, त्यांची औषधं, त्यांचे चष्मे, सगळं वेळच्या वेळी झालं. पण स्वतःहून मी त्यांच्या हाताला हात पुन्हा लावला नाही, आणि त्यांनीही कधी मागितला नाही.